माकडताप : काजूच्या हंगामाआधी खानापूर, चंदगड, दोडामार्ग आणि सत्तरीकरांनी वाचावं असं

जांबोटीकर (धागाकर्ता)

काजूला मोहोर आलाय. थोड्याच दिवसांत कणकुंबी, पारवाड, चिखले, जांबोटी भागातली माणसं टेम्पोनं चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागांमध्ये राहायला जातील. घरी राहिलेल्या बायका त्याच दिवसांत जळण आणि पातेरा (वाळका पाला) आणायला रानात शिरतात. गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचा हंगामही नेमका हाच, म्हणजे डिसेंबरपासून मेपर्यंतचा. म्हणून धागा आत्ताच काढतोय.

हा आजार आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलाय. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात तो निघाला, २०१६ मध्ये दोडामार्गात. त्याच वर्षी सत्तरीच्या काजूबागांत कामाला गेलेले आपल्या बेळगाव जिल्ह्यातले मजूर तापानं फणफणत परतले आणि त्यांच्या रक्तात हाच विषाणू सापडला. राज्यं तीन आणि आरोग्यखातीही तीन, पण भीमगडपासून म्हादईचं खोरं आणि तिकडं तिळारीपर्यंत रान एकाला एक लागून आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच मुलखातला आहे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं अंथरुणाला खिळली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचं, म्हणजे आजच्या एनआयव्हीचं पथक तिथं गेलं. पहिली शंका पीतज्वराची (यलो फीव्हरची) होती, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वरानं अशीच माकडं मरतात. तो आजार भारतात कधीच नव्हता, त्यामुळं धास्ती मोठी होती. टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकानं शोध घेतला तेव्हा विषाणू नवाच निघाला. तो गोचिडीतून पसरणारा, रशियातल्या गोचीड-मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. जंगलाचं नाव आजाराला मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कागदोपत्री केएफडी, आपल्याकडं माकडताप, कन्नडमध्ये मंगन कायिले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतला एक तरुण बाग अर्धवट सोडून तापात घरी आला. एका दवाखान्यात टायफॉइडची औषधं दिली. दुसरीकडं डेंग्यूची शंका घेतली आणि अंगदुखीवर इंजेक्शनं टोचली. कुठून आलास हे कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही, कामाला गेलो होतो यात काय सांगायचं असं त्याला वाटलं. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एका शिकाऊ डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला, "जंगलात गेला होतास काय?" त्या एका प्रश्नानं पुढची सगळी दिशा बदलली. पोरगा वाचला.

म्हणून सांगतो : ताप आला की डॉक्टरनं विचारायची वाट बघू नका. "मी रानात होतो, काजूला होतो, अमुक गावात होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा.

जाणकारांनी भर घालावी. काही चुकीचं असेल तर दुरुस्त करा.

---

साथरोगसेवक

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो, लक्षणांबद्दल लिहितो.

गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांनी ताप येतो, आणि तो हळूहळू चढत नाही. सकाळी कामाला गेलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून पडतो. डोकं, विशेषतः कपाळ, प्रचंड दुखतं. मान, कंबर, पोटऱ्या इतक्या दुखतात की कूस बदलवत नाही. डोळे लाल होतात. त्यात उलट्या-जुलाब सुरू झाले की अंगातलं पाणी कमी होतं, रक्तदाब उतरतो. काहींना नाकातून, हिरड्यांतून, शौचातून रक्त जातं. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी होतात, त्यामुळं डेंग्यूशी गल्लत होणं साहजिक आहे.

बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण दहातल्या एक-दोघांना, बरं वाटायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप उलटतो. त्या वेळी त्रास मेंदूचा असतो : असह्य डोकेदुखी, हात थरथरणं, नजर धूसर होणं, बरळणं. ताप गेला म्हणून लगेच कोयता घेऊन रानात जाऊ नका. घरच्यांनीही त्या माणसावर लक्ष ठेवावं. लागण झालेल्या शंभरात साधारण ३ ते १० जण दगावतात.

या विषाणूवर नेमकं औषध नाही. मग लवकर दवाखान्यात जाऊन काय होतं, असं लोक विचारतात. खूप काही होतं. वेळेवर सलाइन, रक्तदाबावर नजर, लागलं तर प्लेटलेट, रक्तस्राव ओळखणं, एवढ्यावरच माणूस तरतो. आणि एक गोष्ट कृपा करून सगळ्यांनी पाळा : अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, दुकानातून आणूही नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

तपासणीत सुरुवातीच्या दिवसांत रक्तातला विषाणू आरटी-पीसीआरनं सापडतो. आठवडाभरानंतर आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला अंगात तयार झालेली प्रथिनं, बघतात. म्हणजे ताप कधी सुरू झाला ती तारीखही डॉक्टरला नीट सांगायला हवी. ती चुकली तर चुकीची तपासणी होते आणि अहवाल निगेटिव्ह येतो.

---

तिळारीकाठ

२०१६-१७ चे दिवस आम्ही दोडामार्गात काढलेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडं आधी माकडं पडली. बागेत, व्हाळाच्या कडेला, एक तर थेट घरामागच्या फणसाखाली. सुरुवातीला वाटलं कुणी विष घातलं, कारण माकडं नारळ-केळीची नासधूस करतात आणि लोक त्यांच्यावर चिडून असतात. दोघा-तिघांनी मेलेलं माकड शेपटीला धरून ओढत नेऊन पुरलं. हे करू नका असं सांगायला तेव्हा गावात कुणी नव्हतं. मग एकेका घरात ताप सुरू झाला. नमुने मणिपालला आणि पुण्याला जायचे, अहवाल येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? ऐन काजूत लोक बागेत जायला घाबरले. ज्यांचं वर्षाचं पोट त्या बोंडांवर, त्यांनी काय करावं? नुसतं "रानात जाऊ नका" म्हणणाऱ्या पत्रकांचा मला तेव्हाही राग यायचा. रानात कसं जावं हे सांगा.

---

गुंजीची अक्का

मुलगी टाइप करून द्यायलीय, मी सांगायलोय तसं.

आम्ही बायका पातेरा आणायला जातोय. गोठ्यात गुरांखाली घालायला आणि तरवा भाजायला. तिळारीकाठ दादांनी बरोबर लिवलंय, न जाऊन चालत नाही. तर जायच्या आधी आशाताईनं दिलेलं तेल पायाला, पोटऱ्यांना, हाताला, मानेला चोळतोय. सासूबाईंचा जुना फुल शर्ट साडीवर घालून बटणं गळ्यापर्यंत लावायची, खाली लेगिंग, त्यावर सॉक्स ओढून घ्यायचे. गरम होतंय, पण चालतंय.

पातेरा हातानं कवळून छातीशी धरायची सवय आमची. ती मोडली. आता दाताळ्यानं ओढून ढीग करतोय आणि चादरीत बांधतोय. आणि दमलं म्हणून पाचोळ्यावर टेकायचं नाही. दगडावर बसायचं, नाहीतर उभ्यानं पाणी प्यायचं.

घरी आलं की कपडे आत न्यायचे नाहीत. बाहेरच कढत पाण्यात बुडवायचे. मग साबण लावून कढत पाण्यानं आंघोळ आणि एकमेकींचं अंग बघायचं. गुडघ्यामागं, काखेत, कंबरेला परकराच्या नाडीखाली, कानामागं, केसांच्या कडेला. गुरांना असती तशी फुगलेली गोचीड शोधू नका. ती तिळापेक्षा बारीक असती, तपकिरी, तीळ असल्यावानी दिसती. बोट फिरवलं की खरखरती तवा कळतंय.

लहान लेकरांना सोबत न्यायचं बंद केलंय.

---

साथरोगसेवक

अक्कांनी लिहिलंय ते छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावं असं आहे. त्यांना जी बारीक गोचीड दिसते ती गोचिडीची मधली अवस्था, अर्धवट वाढलेलं पिल्लू. हिमाफायसालिस स्पिनिजेरा ही जात इथं मुख्य. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांवर आणि मोठ्या जनावरांवर असतात. त्या अंडी घालतात, पावसाळा सरताना अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, माकडं यांच्या अंगावर रक्त पितात. विषाणू त्यांच्यात तिथून शिरतो. नोव्हेंबर-डिसेंबरपासून त्याच अळ्या पुढच्या अवस्थेत येतात आणि पाचोळ्यात, खुरट्या झुडपांवर, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत वाट बघत बसतात. माणसाला चावते ती ही.

चिकटलेली काढताना चिमटा कातडीला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही, नखानं चिरडायची नाही. रॉकेल, चुना, जळती काडी काही नको. काढल्यावर जागा साबणानं धुवायची आणि तारीख लक्षात ठेवायची.

तेल म्हणजे डेपा. ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं ते तयार केलं आणि कर्नाटकात बाधित भागातल्या आरोग्य केंद्रांतून फुकट वाटतात. पूर्वी डीएमपी तेल द्यायचे.

---

हलशीचा_मास्तर

काही शंका आहेत. शाळेत मुलं विचारतात आणि मला ठाम उत्तर देता येत नाही.
गाईच्या दुधातून होतो का? डास चावून होतो का? घरात एकाला झाला तर बाकीच्यांना लागतो का? आणि टीव्हीवर गुजरातच्या काँगो तापाबद्दल सांगतात, तो हाच का?

---

साथरोगसेवक

मास्तर, दुधातून झाल्याचा पुरावा नाही. डासातून नाही. माणसाकडून माणसाला लागल्याचं आढळलेलं नाही, त्यामुळं रुग्णाला वेगळं टाकू नका, त्याची भांडी वेगळी करू नका, गावानं त्या घराकडं पाठ फिरवू नये. हे मुलांना जरूर सांगा, ती घरी जाऊन सांगतील.

काँगो ताप वेगळा. तोही गोचिडीचाच, पण गोचीड वेगळ्या जातीची आणि तो रुग्णाच्या रक्तातून दुसऱ्याला लागतो. २०११ साली अहमदाबादकडं पहिल्या रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही त्यात गेले. रुग्णाच्या रक्ताला हातमोजे न घालता हात लावायचा नाही, हा नियम मात्र दोन्हीकडं सारखाच पाळावा.

गुरांबद्दल एक गोष्ट. गुरांमुळं विषाणू फारसा वाढत नाही, पण मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त गुरांकडूनच मिळतं. रानात चरून आलेली गुरं गोचिडी गोठ्यापर्यंत आणतात. पशुवैद्यांकडून गोचीडनाशक वेळच्या वेळी लावून घ्या.

---

सडा_आणि_देवराई

कुणाला कडू वाटेल, पण विचारतो. माकडांनी शेती खाल्ली, आता आजारही देतायत. पकडून लांब सोडून का देत नाहीत? आमच्या भागातले कित्येक शेतकरी हेच म्हणतात, मीही शेतकरीच आहे.

---

भीमगडचा_राखणदार

दादा, नुकसान खरं आहे, मी ते रोज बघतो. पण या आजारात माकड आपल्याआधी मरतं. काळतोंडं वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोन्ही जाती. त्यांच्या अंगात विषाणू गेला की ती झाडावरून खाली येतात, सुस्त बसतात, एक-दोन दिवसांत पडतात. पकडून दुसरीकडं सोडलं तर त्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि विषाणू आपणच नव्या गावाला पोचवणार.

माकड मेलं की काय होतं ते नीट समजून घ्या. अंग गार पडायला लागलं की सगळ्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. ती जागा पुढं कित्येक दिवस धोक्याची. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, ओढू नका, पुरू नका, दगड मारून बघू नका. कुत्र्यांना आवरा. लांबून जागा नीट ओळखून ठेवा, झाडाला खूण करा, आणि फॉरेस्ट गार्डला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. आमची माणसं झाकपाक कपड्यात येतात. पशुवैद्य नमुना घेतात, मग मढं जाळतात आणि भोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलाथिऑन हे कीटकनाशक टाकतात. ताजं मढं असेल तर नमुना कामाचा, कुजल्यावर काही कळत नाही. म्हणून तासाभरात कळवलेलं आणि तीन दिवसांनी कळवलेलं यात फार फरक पडतो.

हद्दीवर एक घोळ होतो तोही सांगतो. ओढ्याच्या पलीकडं पडलं म्हणून इकडचे बघत नाहीत, तिकडच्यांना पत्ता लागत नाही. तुम्ही दोन्हीकडं कळवा. दोनदा कळवल्यानं कुणाचं बिघडत नाही.

---

सडा_आणि_देवराई

समजलं. गोचिडी खाली उतरतात हे माहीत नव्हतं. गावात सांगतो.

---

तिळारीकाठ

यावर थोडं अजून. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली, हजाराच्या वर माणसं आजारी पडली. तिथं काजूच्या लागवडीसाठी मूळ जंगल साफ केलं होतं. माकडं, उंदीर, गोचिडी, तोडणारे मजूर, सगळे एकाच तुकड्यात आले. अजूनही धोका जास्त दिसतो तो अशाच जागी, जिथं थोडं रान, थोडी बाग, थोडं भात आणि मधे घर. आमच्या दोडामार्गात डोंगरच्या डोंगर रबर आणि अननसाखाली गेलेत. खानापूरकडं अजून रान बरंच सलग आहे, ते तसंच राखा ही कळकळीची विनंती.

---

बेळगावची_नर्स

लशीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आमच्याकडं रोज विचारतात. जुनी लस होती : एक महिन्याच्या अंतरानं दोन डोस, मग ६ ते ९ महिन्यांनी बूस्टर, त्यानंतर दर वर्षी एक. एका अभ्यासात दोन डोसांनी संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टरनंतर ८३ टक्क्यांच्या आसपास निघालं. पण टोचलेली जागा फार दुखायची आणि लोक दुसऱ्या डोसाला येत नसत, बूस्टर तर लांबच. लस घेतलेल्यांनाही ताप येत राहिला. पुढं कर्नाटकात २०२२ पासून तिचा वापर थांबला. आयसीएमआर नव्या लशीवर काम करतंय. म्हणजे आज आपल्या हातात आहे ते तेल, कपडे, आंघोळ आणि लवकर तपासणी. कुणी "लस देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणि दवाखान्यात काम करणारी म्हणून जांबोटीकरांच्या मुद्द्याला दुजोरा देते. केसपेपरवर आम्ही गाव लिहितो ते आधार कार्डावरचं. माणूस मागचा महिनाभर सत्तरीत होता हे त्यात येत नाही. मी आता फेब्रुवारी ते मे तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारते, "झोपायला कुठं होता?" कामाला कुठं होता विचारलं की लोक "इथंच" म्हणतात. झोपायला कुठं विचारलं की खरं गाव कळतं.

---

चंदगडी_पाऊस

हा प्रश्न भारी आहे ताई, आमच्या हेरे-पारगडकडच्या डॉक्टरांनाही सांगतो.

एक अडचण आहे. आरोग्य केंद्रातली पत्रकं खानापूरकडं कन्नडमध्येच येतात. आमच्या पाहुण्यांच्या घरी पत्रक भिंतीला लावलेलं, पण म्हातारीला वाचता येत नाही. माकडाचं चित्र बघून तिला वाटलं माकडांना खायला घालू नका असं काहीतरी असेल. मराठीत एक पानी मजकूर कुणी करून देईल का? सिंधुदुर्गात मराठी पत्रकं असणारच, ती मिळाली तरी चालेल.

---

जांबोटीकर

मजकूर मी आणि हलशीचे मास्तर मिळून करतोय. अक्कांचे शब्द जसेच्या तसे घेतोय, परवानगी गृहीत धरली आहे. राखणदारांचा माकडाचा भाग आणि साथरोगसेवकांची गोळ्यांची सूचना त्यात येईल. छापण्याआधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवू. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, म्हणजे कुठल्याच भिंतीवर अडचण नको.

काल एका मुकादमांशी बोललो, दर वर्षी दोन-तीन गाड्या भरून माणसं नेतात ते. आधी म्हणाले, असलं सांगितलं तर माणसं यायची नाहीत. मग मी त्या तरुणाची गोष्ट सांगितली. तो त्यांच्याच गाडीतून गेला होता हे त्यांना आठवलं. थोडा वेळ गप्प बसले आणि वही काढली. कोण कुठल्या बागेत, कुठल्या तारखेपासून, हे लिहून ठेवणार. आजारी पडून कुणी मधेच परत निघाला तर त्याच्या हातात ती चिठ्ठी देणार, दवाखान्यात दाखवायला.

तेल मात्र तिकडं बागेवर कोण देणार हे ठरलेलं नाही. सत्तरीतल्या कुणाला माहीत आहे का, बाहेरून आलेल्या मजुरांना वाळपईच्या केंद्रातून तेल मिळतं का, की इकडूनच बाटल्या भरून न्याव्या लागतील?

---

गुंजीची अक्का

परवानगी हाय. इकडनंच न्या, तिकडं गेल्यावर शोधत बसू नका. आशाताईला आधी सांगून ठेवा किती माणसं जाणार म्हणून, म्हंजे ती तेवढ्या बाटल्या मागवून घेती. आणि बायकांना येगळी बाटली द्या. पुरुषमाणसं सगळं तेल आपल्याच पायाला लावून मोकळी होत्यात.